खोली कोणत्या योजनेतली? सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळेची वाटचाल

सातारा जिल्ह्यातल्या जुन्या प्राथमिक शाळेच्या आवारात उभे राहिले की खोल्यांवरूनच काळ ओळखता येतो. दगडी जोते, कौलारू छप्पर आणि पुढे लांब पडवी असली तर ती खोली लोकल बोर्डाची, नाहीतर स्कूल बोर्डाची. शेजारच्या दोन बैठ्या खोल्या बहुधा खडू-फळा योजनेतल्या. स्लॅबची, दाराशी उतार केलेली खोली सर्व शिक्षा अभियानातली. किचन शेड पोषण आहाराचे, हात धुवायचे नळ अलीकडचे, आणि कमान गावच्या मुंबईकरांनी वर्गणी काढून उभारलेली. चार-पाच सरकारी योजना एका आवारात शेजारी शेजारी नांदतात. त्यांची एकमेकींशी ओळख असतेच असे नाही. शौचालय पाण्याच्या टाकीपासून लांब, आणि नवी खोली नेमकी खेळायच्या जागेत, ही तक्रार कोणत्याही गावात ऐकायला मिळते.

शाळेच्या स्मरणिकेतल्या इतिहासात मुख्याध्यापकांची, देणगीदारांची आणि शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलांची यादी द्यायची रीत आहे. याद्या हव्यातच. या लेखात मात्र एकच धागा धरला आहे : शाळेला काय हवे, हे त्या त्या काळी कोण ठरवत होते?

सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते निघाले. सरकारी शाळा पहिल्यांदा आल्या त्या पेठेच्या आणि कचेरीच्या गावी. लहान गावात पंतोजी होते. मारुतीच्या देवळात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर धुळपाटीवर अक्षरे गिरवून घ्यायची, पावकी-निमकी घोकून घ्यायची आणि जमले तर मोडी वाचायला शिकवायची, एवढा त्यांचा अभ्यासक्रम. १८६० नंतरच्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवायचा ठरले, आणि खेड्यात सरकारी शाळा उघडायला पैसा आला. पैसा कुणब्याचा होता. शाळा कुठे काढायची, मास्तर कोण नेमायचा आणि काय शिकवायचे, हे मात्र खाते ठरवी.

यावर सर्वांत नेमके बोट ठेवले ते जोतीराव फुल्यांनी. त्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले कटगुण. सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातले नायगाव. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी मागणी केली की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना पगार बरा द्यावा, आणि मोडी-बाळबोध व हिशेबाबरोबर शेती आणि आरोग्याची तोंडओळख शिकवावी. आज ज्याला शाळा सुधार योजना म्हणतात तिची बहुतेक कलमे त्या निवेदनात आहेत. पट, शिक्षक, अभ्यासक्रम, निधी, सगळे आहे. आयोगाने ते ऐकून घेतले. सक्ती यायला पुढे कित्येक दशके लागली.

गावाने शाळेकडून काय मागावे, याला तेव्हा फारशी जागा नव्हती. वर्षातून एकदा दिपोटी, म्हणजे खात्याचे तपासनीस, यायचे. त्या दिवशी सारवण व्हायचे, मुले आंघोळ करून यायची आणि शेरेबुकात चार ओळी पडायच्या. जुन्या शाळांच्या कपाटांत अशी शेरेबुके अजून सापडतात. सातवी पास झालेला पोरगा व्हर्नाक्युलर फायनल झाला म्हणजे तलाठी किंवा मास्तर व्हायला मोकळा, एवढा शाळेचा पल्ला सर्वांना ठाऊक होता.

त्या शाळेत कोण कुठे बसत होते, हेही सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. भीमराव आंबेडकर साताऱ्यात शिकत असताना बसायला घरून गोणपाट नेत असत आणि परत आणत असत; त्यांनीच ते नंतर लिहून ठेवले आहे. ही गोष्ट शहरातल्या शाळेची. खेड्यात पडवीची पायरी किंवा दाराबाहेरची जागा ही अनेक मुलांची 'इयत्ता' होती. लांब पडवीची कौलारू शाळा बघताना तिची ऐट वाखाणायची आणि पडवीचा हा उपयोग विसरायचा, असे करून चालणार नाही.

१९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या हाती आल्या. कारभार जिल्ह्यात आला खरा, पण वाडी-वस्तीवर शाळा नव्हतीच. ती पोहोचवण्याचे श्रेय या जिल्ह्यात मोठ्या प्रमाणात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याकडे जाते. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि १९३५ मध्ये साताऱ्यात खेड्यांसाठी मास्तर तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. शाळा काढण्याआधी भाऊरावांनी मास्तर घडवण्याची सोय केली. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि ज्या गावात शाळा नाही तिथे खासगी प्रयत्नाने निघालेल्या शाळेला अनुदान देण्याची व्हॉलंटरी शाळांची योजना निघाली. ती जिल्ह्यात कुणी उचलली असेल तर रयतेने. या शाळांची संख्या वाढत वाढत ५७८ झाली.

एका संस्थेने पाचशेवर गावांत शाळा कशा चालवल्या असतील? गाव जागा देई : देऊळ, चावडी, तालीम, कुणाचा रिकामा गोठा. मास्तर एकच, आणि चारही इयत्ता त्याच्याच पुढ्यात. त्याच्या जेवणाची आणि राहण्याची चिंता गावाने वाहायची, सरकारी अनुदान मिळेल तेव्हा मिळेल. मास्तर बहुधा आसपासच्याच शेतकऱ्याचा मुलगा, जोतीरावांनी मागितला होता तसा. शाळा टिकवायची तर मास्तर टिकला पाहिजे, म्हणून त्याला काय हवे-नको ते गाव विचारी. माझ्या मते या जिल्ह्यातल्या शाळेच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा काळ हाच. गावाच्या हाती त्या वेळी पैसा सर्वांत कमी होता आणि शाळेबद्दल ठरवायचे सर्वांत जास्त. त्याची दुसरी बाजूही आहे. गावातल्या चार घरांची मर्जी सांभाळणारा मास्तर उरलेल्या घरांच्या मुलांना किती न्याय देऊ शकत होता, हा प्रश्न तेव्हाही होता.

स्वातंत्र्यानंतर या शाळा सरकारने आपल्याकडे घेतल्या. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे कामाला लागली, मास्तरांना नियमित पगार आणि बदली दोन्ही मिळाले. बदली आली तशी गावाची मास्तरवरची मालकी गेली आणि जिव्हाळाही थोडा आटला. याच सुमारास औंध आणि फलटण ही संस्थाने विलीन होऊन त्यांच्या शाळाही जिल्ह्यात आल्या. औंधच्या शाळांत पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार रुजवले होते. त्या वेळचे विद्यार्थी म्हातारपणीही नमस्कार घालत.

मूलोद्योग शिक्षणाचे वारे आले तेव्हा शाळेच्या पाटीवर 'जीवन शिक्षण मंदिर' हे नाव लागले. १९३७ च्या वर्धा परिषदेतली गांधीजींची कल्पना अशी की हाताचे काम हेच शिकण्याचे साधन व्हावे. प्रत्यक्षात टकळी आली, पेळू आले, सुताच्या गुंड्या मोजून रजिस्टरात लिहिल्या जाऊ लागल्या. गणित आणि भाषा त्या सुतातून शिकवायची हे ज्याला जमले असे मास्तर थोडेच निघाले. बाकीच्यांनी टकळीचा एक तास उरकला आणि पुन्हा पाढे घेतले. नाव पाटीवर बरीच वर्षे राहिले, काही ठिकाणी अजूनही आहे.

त्यापेक्षा खोल उतरली ती १९५९ मध्ये याच जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम. दिवसा मुलांना शिकवणारे गुरुजी रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांच्या आईबापांना शिकवू लागले. ही मोहीम सातारकरांनी आखली आणि दोनच वर्षांत राज्याने उचलली. जिल्ह्याने आखलेली गोष्ट मुंबईने घ्यावी, असे फार वेळा घडलेले नाही.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि 'लोकल बोर्डाची शाळा' 'जिल्हा परिषदेची शाळा' झाली. म्हातारी माणसे मात्र तिला मराठी शाळाच म्हणत राहिली. शिक्षण समिती, पंचायत समिती, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, बीट अशी उतरंड उभी राहिली. याच काळात कोयना धरणाचे पाणी चढत होते. पाटण, जावळी आणि महाबळेश्वर या तालुक्यांतली गावे हलली. काही लांब गेली, काही त्याच डोंगरांवर वर सरकून वसली. वर सरकलेल्या वस्त्यांना शाळा पुन्हा मिळाली, पण तिचा पट लहान आणि वाट पाण्यातून. धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरच्या शिक्षकाला लाँचचे वेळापत्रक पाठ असावे लागते. धुवाधार पावसाच्या पट्ट्यात शाळांना उन्हाळ्याऐवजी पावसाळ्यात मोठी सुट्टी देण्याची सोय झाली. तिकडे माण-खटावात धनगर कुटुंबे मेंढरे घेऊन बाहेर पडली की पट कागदावर राही आणि वर्ग रिकामा होई. एकाच जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांना एक वेळापत्रक आणि एक आराखडा पुरणार नाही, हे परिषदेच्या पहिल्याच वर्षांत दिसायला लागले होते.

कोल्हापूर जिल्ह्यातले, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक याच प्रश्नाचा विचार करत होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी खेड्याच्या शिक्षणाचे प्रयोग केले, एकशिक्षकी शाळेवर पुस्तक लिहिले आणि पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. प्रत्येक शाळेने स्वतःची योजना स्वतः करावी, असे त्यांचे सांगणे होते. योजना म्हणजे मागण्यांची यादी नव्हे. पैसे न लागता, आहे त्या माणसांच्या कष्टाने आणि कल्पकतेने या वर्षी काय सुधारता येईल, ते आधी लिहा. पैशाची बाब नंतर. आयोगाच्या १९६६ च्या अहवालात शाळा-समूहाची कल्पनाही आहे : जवळपासच्या शाळांनी एकमेकींची साधने आणि माणसे वापरावीत. नव्वदच्या दशकात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, ते याच कल्पनेच्या वाटेने. केंद्रप्रमुखांचा बहुतेक वेळ मात्र माहितीचे तक्ते गोळा करण्यात गेला.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर योजनांचा ओघ सुरू झाला. खडू-फळा योजनेत दोन खोल्या, दोन शिक्षक आणि त्यातली शक्यतो एक बाई, असा किमान मापदंड ठरला. डोंगरातल्या अनेक मुलींनी गावात शिकवणारी बाई पहिल्यांदा पाहिली ती यातून. १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना हजेरीमागे रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. १९९५ मध्ये महिन्याला तीन किलो तांदूळ आला आणि हजेरीची टक्केवारी एकाएकी ऐंशीच्या वर गेली, कारण तांदळाची अटच तेवढी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर तांदळाची खिचडी झाली आणि मुले खरोखरच दुपारी शाळेत थांबू लागली. त्याच सुमारास वस्तीशाळा आल्या, महिना ३,००० रुपयांवर शिक्षणसेवक आले आणि सर्व शिक्षा अभियान आले.

या काळातल्या प्रत्येक योजनेत गावासाठी एक समिती होती. समितीचे काम मुख्यतः सहीचे. खोली मंजूर व्हायची जिल्ह्याला, अंदाजपत्रक व्हायचे बांधकाम विभागात, आणि गावाकडे उपयोगिता प्रमाणपत्र यायचे. जुनी कौलारू खोली पाडायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव. तो मंजूर होईपर्यंत धोकादायक भिंत तशीच उभी, आणि ती उभी आहे म्हणून नव्या खोलीला जागा नाही. ज्या गावांनी हे कागद पुरे करून घेतले तिथे बहुतेक वेळा एखादा चिवट मुख्याध्यापक किंवा माजी सैनिक मागे लागलेला असे. पाटण-जावळीकडच्या गावांना आणखी एक आधार होता, मुंबईचे मंडळ. माथाडी कामगारांच्या वर्गणीतून कंपाउंड झाले, पंखे आले, संगणक आले. मंडळाचा पैसा थेट येई आणि लगेच खर्ची पडे. त्यामुळेच तो रंगाला आणि कमानीला जास्त गेला, वाचनाच्या पुस्तकांना कमी. वर्गणी देणाऱ्याला जत्रेला आल्यावर दिसेल असे काहीतरी लागते.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाला पहिल्यांदाच कायद्यात उत्तर मिळाले. कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, अध्यक्ष पालकांतला. कलम २२ ने त्या समितीवर शाळा विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकली. आराखडा तीन वर्षांचा, त्याचे तीन वार्षिक भाग, आणि तो आर्थिक वर्ष संपण्याच्या निदान तीन महिने आधी तयार व्हायचा. जोतीरावांच्या निवेदनापासून सव्वाशेवर वर्षांनी कुणब्याच्या बाईला शाळेला काय हवे ते लिहून देण्याचा अधिकार मिळाला.

तिने काय लिहिले? कायद्याच्या नियमांत आराखड्यात घ्यायच्या बाबी सांगितल्या आहेत : इयत्तावार पटाचा अंदाज, जादा शिक्षकांची गरज, जादा खोल्या व साहित्य, आणि त्यासाठी लागणारा पैसा. साहजिकच आराखडे तसेच झाले. गतवर्षीचा आराखडा समोर ठेवायचा, वर्ष बदलायचे, कंपाउंड वॉल, शौचालय दुरुस्ती, ई-लर्निंग संच या ओळी पुन्हा लिहायच्या आणि सह्या घ्यायच्या. मजुरीचा दिवस बुडवून सभेला आलेली आई सही करून जाई. समितीला दोष देण्यात अर्थ नाही. छापील नमुन्यात जे रकाने असतात तेवढेच भरले जाते, आणि 'तिसरीतल्या किती मुलांना गोष्ट वाचता येते' असा रकानाच त्यात नव्हता. जे.पीं.चा क्रम इथे उलटा झाला. पैशाच्या बाबी आधी आल्या आणि बिनपैशाच्या आल्याच नाहीत.

त्या राहिलेल्या बाबींपासून सुरुवात झाली ती सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि बीटमधल्या शिक्षकांनी बाके बाजूला सारली आणि मुलांना जमिनीवर गटांत बसवले. फरशीवर आकृत्या, अंकांच्या उड्या आणि शब्दांच्या चौकटी रंगवल्या. चिंचोके, काड्या, गारगोट्या हे साहित्य. मूल स्वतः करून, चुकून, शेजाऱ्याला विचारून शिकते यावर भर. शिक्षक एकमेकांच्या वर्गात जाऊन बसू लागले. खर्च रंगाच्या डब्याचा. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला तेव्हा कुमठ्याचे वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येऊ लागल्या. १९५९ नंतर पुन्हा एकदा जिल्ह्याचे काम राज्याने उचलले.

उचलताना व्हायचे तेही झाले. कित्येक गावांत फक्त फरशी रंगली. आकृती कशासाठी हे ज्याने वर्गात बसून पाहिले नाही, त्याच्या शाळेत ती रांगोळीसारखी राहिली आणि मुलांनी तिच्यावर पाय देऊ नये अशी सूचनाही कुठे कुठे निघाली! पण जिथे शिक्षक टिकला तिथे वाचणारी मुले दिसू लागली, आणि व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणारी काही मुले परत आली. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले तेव्हाही सर्वांच्या लक्षात आले की लहान गावातल्या छोट्या पटाच्या शाळेतून मोठे काम होऊ शकते.

आता मुद्दा त्या छोट्या पटाचाच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ ही त्यासाठी उदाहरणे दिली गेली. मोठी शाळा, प्रत्येक इयत्तेला शिक्षक, प्रयोगशाळा, मुलांसाठी बस. कल्पना वाईट नाही, आणि एकाच शिक्षकाने चार इयत्ता सांभाळण्यातले हाल पाहिलेला माणूस ती सहज उडवून लावणार नाही. पण जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी कोयनेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत जातात, ही बातमी २०२२ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. बस जिथे जाऊच शकत नाही तिथले काय, याचे उत्तर पानशेतहून मिळत नाही. कायदा प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटर म्हणतो. नकाशावरचा किलोमीटर आणि कोयनेकाठच्या कांदाटी खोऱ्यातला किलोमीटर यांत एक डोंगर नाहीतर एक फाटा पाणी असते. अशा वस्तीवर पाच मुलांची शाळा हा खर्च वाटला तरी तो करावा लागेल. जिथे दोन वाड्यांमध्ये चांगली सडक आणि दहा मिनिटांचे अंतर आहे, तिथे एकत्र येण्याला विरोध करण्यात गावाच्या अभिमानापलीकडे काही उरत नाही.

कोणती शाळा कोणत्या गटात, हे मंत्रालयातून ठरवणे कठीण आहे. ते आराखड्यातच ठरायला हवे. त्याचे साहित्य गावात आहे. जनरल रजिस्टर आहे. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधताना शाळांची जुनी मोडीतली दप्तरे बाहेर निघाली, तेव्हा या वह्यांत काय काय साठले आहे ते सर्वांना कळले. त्याच रजिस्टरात गेल्या तीस वर्षांत कोणत्या वस्तीतून किती मुले आली आणि कोणत्या इयत्तेतून गळाली, हेही आहे. पुढच्या तीन वर्षांत पहिलीत किती येणार, हे सांगायला अंदाज लागत नाही. अंगणवाडी सेविकेच्या वहीत त्यांची नावे आहेत, आणि त्यांतली कोणती आई ऊसतोडीला किंवा मुंबईला जाणार, हे तिला तोंडपाठ असते. आराखड्याच्या डिसेंबरच्या सभेला तिला बोलवावे. चालू आराखड्यांत तिची सही कुठेच लागत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी तिला निरोपच जात नाही.